पिळाची गोष्ट : केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेची पंचाहत्तर वर्षे

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण वाढदिवसाची येते. केंब्रिजच्या ‘मेडिकल रिसर्च कौन्सिल लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ला दोन वाढदिवस आहेत. तिथली माणसे तिला नुसते ‘एलएमबी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९४७ साली दोन संशोधकांचे एक छोटे पथक नेमले गेले, तो पहिला. १९६२ साली त्या पथकाला स्वतःची इमारत मिळाली, तो दुसरा. त्यामुळे २०२२ या एकाच वर्षी एका हिशेबाने अमृतमहोत्सव आला आणि दुसऱ्या हिशेबाने हीरकमहोत्सव. स्मरणिका मात्र, स्मरणिकांच्या रीतीला धरून, मांडव उतरल्यावर निघते आहे. त्याचा एक फायदा म्हणजे त्यानंतरची एकदोन कामेही यात घेता आली.

केंब्रिज म्हटले की मराठी वाचकाला रँग्लर परांजपे आठवतात, जयंत नारळीकर आठवतात. म्हणजे गणित आणि आकाश. एलएमबीचे काम नेमके उलट टोकाचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचे. तिचा इतिहास बहुधा नोबेल पारितोषिकांच्या यादीने सांगतात. ती यादी लांबलचक आहे आणि कुठेही वाचायला मिळते. या लेखात एकच धागा धरला आहे : झिजेच्या आजारांचा. अल्झायमर, कंपवात, हंटिंग्टनचा आजार अशा विकारांत मेंदूतल्या पेशी हळूहळू खचत जातात. त्या का खचतात, याचा पेशींच्या आणि रेणूंच्या पातळीवर शोध घेणाऱ्या जगातल्या आघाडीच्या जागांपैकी ही एक आहे. गंमत अशी, की हे काम करावे म्हणून ही संस्था कोणी काढलीच नव्हती. पहिली तीस-पस्तीस वर्षे तिथे या आजारांचे नावही फारसे निघाले नसेल. रेणूचा आकार दिसेपर्यंत त्याच्या कामाबद्दल ठाम बोलायचे नाही, ही एक हट्टी सवय मात्र पहिल्या दिवसापासून होती. आजार पुढे आले ते त्या सवयीच्या मागून.

१९४७ ते १९५७ : ओसरीवरचे पाहुणे

मॅक्स पेरूट्झ हे व्हिएन्नाचे. १९३६ साली केंब्रिजला आले आणि पुढच्याच वर्षी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकू लागले. महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करून कॅनडाला धाडले गेले. तिथून परत आल्यावर ते पुन्हा त्याच स्फटिकांपाशी येऊन बसले. कॅव्हेंडिश या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना काढण्याची विद्याच मुळी आपल्या वडिलांसोबत उभी केली होती. मिठाच्या खड्यावर चालणारी विद्या हजारो अणूंच्या प्रथिनावर चालेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रॅग यांनी मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे शब्द टाकला आणि १९४७ मध्ये पेरूट्झ व जॉन केंड्रू या दोघांसाठी एक संशोधन पथक मंजूर झाले. वैद्यकाच्या पैशाने पदार्थविज्ञानाच्या घरात जीवशास्त्र, असा तो तिहेरी संसार होता.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तेच झाले. १९४९ मध्ये फ्रान्सिस क्रिक आले, १९५१ मध्ये जेम्स वॉटसन. १९५३ च्या एप्रिलमध्ये डीएनएच्या दुहेरी पिळाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझालिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांची क्ष-किरण चित्रे होती, हे इथे नोंदवलेच पाहिजे. श्रेयाच्या वाटणीवरून पुढे जे झाले त्यात शिरण्याची ही जागा नव्हे. एवढ्या माणसांना ओसरी पुरेना, तेव्हा १९५७ मध्ये आवारातल्या एका बैठ्या शेडमध्ये मंडळींची सोय झाली. तिला सगळे ‘हट’ म्हणत. पाहुण्यांना ही झोपडीच प्रयोगशाळा म्हणून दाखवली जाई.

आपल्या धाग्याचे पहिले टोक याच काळात सापडते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार आजही घरोघरी माहीत आहे. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे, हे अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले होते. रेणूत नेमके बिघडते काय, ते १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या या पथकातील व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. हिमोग्लोबिनचे तुकडे करून त्यांनी ते कागदावर पसरले. निरोगी आणि आजारी माणसाच्या कागदांत एका ठिपक्याचा फरक होता. तो फरक एका अमायनो आम्लाचा निघाला : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. वारशाने आलेल्या आजाराचे बोट प्रथिनातल्या एका नेमक्या जागी ठेवता आले, असे हे पहिलेच उदाहरण. या शोधाने औषध लगेच निघाले नाही. पण मेंदूच्या आजारांकडे पाहताना हाच कागद या लोकांच्या डोळ्यांसमोर असणार, असे मला वाटते.

साठचे दशक : हिल्स रोडवरचे घर

१९६२ च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षाअखेर पेरूट्झ, केंड्रू, क्रिक आणि वॉटसन यांना नोबेल मिळाले. गृहप्रवेशाला याहून चांगला आहेर मिळणे कठीण. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागातून फ्रेडरिक सँगर आपला गट घेऊन आले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातून आरन क्लूग आले. क्लूग लिथुआनियात जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेले. रोझालिंड फ्रँकलिन यांच्यासोबत त्यांनी विषाणूंच्या रचनेवर काम केले होते आणि १९५८ मध्ये फ्रँकलिन गेल्यानंतर ते काम पुढे चालवले होते.

पेरूट्झ यांनी ‘संचालक’ हे पद घेतले नाही. कारभारी मंडळाचे अध्यक्ष म्हणवून घेणे त्यांना पुरेसे वाटले. हाताखाली कमी माणसे, कमी कागद, आणि प्रमुखाने स्वतः प्रयोगाच्या टेबलाशी उभे राहायचे, अशी शिस्त होती. दुसरी शिस्त उपाहारगृहाची. ते पेरूट्झ यांच्या पत्नी गिझेला यांनी सुमारे वीस वर्षे सांभाळले. सकाळची कॉफी, दुपारचे जेवण आणि चारचा चहा यांना सगळ्यांनी एकत्र बसायचे. स्फटिकवाला, जनुकवाला आणि सूक्ष्मदर्शकवाला एका टेबलावर आले की निम्मे प्रश्न तिथेच सुटत. संस्थेच्या इतिहासात स्वयंपाकघराला एवढी जागा का, असे कोणाला वाटेल. ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांना वाटणार नाही. तसेच कार्यशाळेतले कारागीर, काचसामान धुणारे आणि पेशींसाठी पोषकद्रव शिजवणारे. त्यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच येतात. पण इथली यंत्रे बहुतेक बाहेरून आणलेली नसत, याच लोकांनी बनवलेली असत.

दशक संपता संपता, १९६८ मध्ये, क्लूग आणि डेव्हिड डीरोझियर यांनी एक युक्ती मांडली : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून एखाद्या वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी सपाट चित्रे घ्यायची आणि गणिताने ती जोडून त्रिमितीय आकार उभा करायचा. त्यांनी ती विषाणूच्या शेपटीवर वापरून दाखवली. पीळ असलेली वस्तू या युक्तीला फार सोयीची, कारण पीळच तिला आपोआप सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवतो. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

सत्तरचे दशक : अळी, अँटिबॉडी आणि अक्षरे

या दशकातली तीन कामे आपल्या विषयाची नव्हती, पण तिन्ही विषयाला येऊन मिळाली.

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये पेरूट्झ यांना पत्र लिहून सुचवले होते, की जनुकांचे मोठे प्रश्न सुटत आले आहेत, आता मज्जासंस्थेकडे वळू. त्यासाठी त्यांनी निवडली जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पारदर्शक अळी. १९७४ मध्ये तिच्या जनुकशास्त्राचा पाया घालणारा निबंध आला. जॉन सल्स्टन या अळीच्या पेशींची वंशावळ काढायला बसले. गर्भातल्या पेशींचे विभाजन पाहण्यासाठी ते दीड वर्ष, रोज दोन वेळा चार-चार तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. निष्कर्ष असा : अळी घडताना १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मरतात. पेशीचे मरण हा अपघात नसून तिच्या आतच लिहून ठेवलेला कार्यक्रम असू शकतो, हे इतक्या स्वच्छपणे कोणी पाहिले नव्हते. ते मरण घडवणारी जनुके रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी पुढे अमेरिकेत शोधली. झिजेच्या आजारात चेतापेशी नेमक्या कशाने मरतात, या प्रश्नाची भाषाच त्यामुळे बदलली.

१९७५ मध्ये सेझार मिलस्टाइन आणि गेऑर्ग कोहलर यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवण्याची रीत काढली. तिचे पेटंट घेतले गेले नाही. का नाही, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. इथे आणखी नको. १९७७ मध्ये सँगर यांनी डीएनएची अक्षरे वाचण्याची पद्धत दिली आणि १९८१ मध्ये त्यांच्या गटाने माणसाच्या मायटोकाँड्रियाचा १६,५६९ अक्षरांचा पूर्ण डीएनए वाचला. एक साधन रेणू ओळखण्याचे, दुसरे वाचण्याचे, आणि क्लूग यांचे तिसरे पाहण्याचे. भांडीकुंडी जमली होती, चूल पेटायची होती.

ऐंशीचे दशक : सुंभ आणि पीळ

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून म्हातारपणीच्या विसरण्याकडे आपण जसे दुर्लक्ष करत आलो, तसेच युरोपातही चालत होते. फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ साली ५१ वर्षांची ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. तिची स्मृती आणि भाषा ढासळत होती. १९०६ मध्ये ती वारली आणि आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिला. पेशींच्या बाहेर ठिपक्यांसारखे थर होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. मात्र आजार तरुण वयात आला तरच तो ‘अल्झायमर’, आणि सत्तरीनंतरचा तो म्हातारचळ, असा समज अनेक दशके टिकला. न्यूकॅसलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन रॉथ आणि त्यांचे सहकारी ब्लेस्ड व टॉमलिन्सन यांनी १९६८ मध्ये वृद्धांच्या मेंदूंची मोजदाद करून दाखवले, की स्मृतिभ्रंशाची तीव्रता आणि मेंदूतले हे बदल यांचा संबंध आहे. म्हणजे ते वय नव्हते, आजार होता.

हेच रॉथ १९७७ मध्ये केंब्रिजचे मानसोपचाराचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी क्लूग यांना विचारले, हे गुंते कशाचे आहेत ते तुमच्याकडच्या युक्त्यांनी कळेल का? लंडनच्या मायकेल किड यांनी १९६३ मध्येच पाहिले होते, की गुंत्यात दोन-दोन धागे एकमेकांभोवती वळलेले दिसतात आणि सुमारे ८० नॅनोमीटरवर पीळ पडतो. पण धागा कोणत्या पदार्थाचा, हे गूढ होते. विषाणूंच्या आणि गुणसूत्रांच्या रचनेतून नाव कमावलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर म्हाताऱ्यांच्या आजारात हात घालावा, हे काहींना विचित्र वाटले असेल. क्लूग यांना त्यात पीळ दिसला असावा.

काम तिघाचौघांवर आले. ऑस्ट्रेलियातून आलेले क्लॉड विशिक हे रॉथ-क्लूग यांचे विद्यार्थी. टोनी क्राउथर हे चित्रे जोडण्याच्या गणितातले वाकबगार. लक्झेंबर्गचे मिशेल गोडर्ट १९८४ मध्ये रुजू झाले. धागे मेंदूतून वेगळे काढणे हीच मोठी डोकेदुखी होती. ते कशातच विरघळत नसत. प्रथिने पचवणारे विकर घातले तर वरचे केसाळ आवरण गळून पडे आणि आतला गाभा तसाच उरे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा रसायनशास्त्रीय पुरावा हवा असेल तर तो इथे आहे. १९८५ मध्ये क्राउथर आणि विशिक यांनी या धाग्याचा आडवा छेद मांडला : चंद्रकोरीसारखे, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून बसलेले. चित्र धूसर होते. ढगाआडून डोंगर दिसावा तसे. कडा कळते, झाडे कळत नाहीत.

मग वाचण्याचे साधन पुढे आले. न पचलेल्या गाभ्यातून प्रथिनाचे छोटे तुकडे मिळाले, त्यांचा क्रम काढला, त्यावरून जनुकाची प्रत शोधली. १९८८ मध्ये गोडर्ट, विशिक, क्राउथर, जॉन वॉकर आणि क्लूग यांच्या निबंधाने सांगितले, की गाभ्यात टाउ नावाचे प्रथिन आहे. टाउ १९७५ पासून माहीत होते. चेतापेशीच्या लांब शाखेत मालाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात. रूळ सरकू नयेत म्हणून स्लीपर असावेत, तसे टाउ त्यांना धरून ठेवते. गुंत्यांमध्ये टाउ असल्याच्या खुणा अँटिबॉडींच्या मदतीने ब्रुसेल्स आणि न्यूयॉर्कच्या गटांनी दोनतीन वर्षे आधीच दाखवल्या होत्या. पण अँटिबॉडी चिकटते म्हणजे ते प्रथिन तिथे केवळ अडकले आहे की धागाच त्याचा आहे, हा वाद उरतोच. केंब्रिजच्या कामाने टाउ धाग्याच्या गाभ्यातच असल्याचा थेट पुरावा दिला. पुढच्याच वर्षी गोडर्ट, मारिया ग्राझिया स्पिलान्टिनी, रॉस जेक्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूत टाउची सहा रूपे असतात, हे दाखवले.

त्या काळात या क्षेत्रात दोन पंथ होते. पेशीबाहेरच्या अमायलॉइडच्या थरांना मूळ मानणारे आणि आतल्या टाउला मूळ मानणारे. परिषदांमधून वादावादी होई. एलएमबीतही मतभेद झाले असतील. घरोघरी मातीच्या चुली. आज दोन्ही प्रथिने आजाराला लागतात, हे सगळेच मान्य करतात, तेव्हा जुन्या चुली फुंकण्यात अर्थ नाही.

नव्वदचे दशक : कंपवात, आणि पेरूट्झ यांचा नवा नाद

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या कंपवातात मेंदूच्या पेशींत गोल गोळे दिसतात. फ्रिडरिश लेवी यांनी ते १९१२ मध्ये पाहिले म्हणून त्यांना लेवी पिंड म्हणतात. ८५ वर्षे गोळे दिसत होते आणि कशाचे ते माहीत नव्हते. १९९७ च्या जूनमध्ये इटली-ग्रीसमधल्या काही कुटुंबांत वारशाने येणाऱ्या कंपवाताचे कारण अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनातला दोष आहे, असे अमेरिकेतून जाहीर झाले. १४० अमायनो आम्लांचे हे प्रथिन गोडर्ट यांच्या गटाच्या ओळखीचे होते. त्यांनीच १९९४ मध्ये माणसाच्या मेंदूतली दोन सिन्युक्लीन वेगळी करून ओळखली होती. ऑगस्टमध्ये स्पिलान्टिनी, गोडर्ट आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दोन पानांच्या निबंधात दाखवले, की लेवी पिंड याच प्रथिनाचे असतात, आणि वारसा नसलेल्या साध्या कंपवातातही. त्या दोन पानांनंतर लेवी पिंडांना रंगवण्याची पद्धत बदलली.

१९९८ मध्ये टाउच्या जनुकातले दोष वारशाने येणाऱ्या एका स्मृतिभ्रंशाला कारण होतात, हे जवळपास एकाच वेळी तीन गटांनी सांगितले. त्यातला एक केंब्रिजचा आणि इंडियाना विद्यापीठातल्या बर्नार्डिनो गेट्टी यांचा एकत्रित. टाउ हा आजाराचा नुसता कचरा असेल, ही शंका तेव्हा संपली. टाउ बिघडले की माणूस आजारी पडतो, त्यासाठी दुसरे काही लागत नाही.

या दशकातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र पेरूट्झ यांची आहे. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले, म्हणजे फक्त अध्यक्षपद सोडले. प्रयोगशाळेत येणे सुटले नाही. जंताच्या हिमोग्लोबिनचा अभ्यास करताना त्यांना त्याच्या टोकाला विद्युतभारित अमायनो आम्लांची एक पुनरावृत्ती दिसली, चेनच्या दातांसारखी एकमेकांत अडकणारी. १९९३ मध्ये हंटिंग्टनच्या आजाराचे जनुक सापडले. त्या प्रथिनात ग्लुटामीन हे एकच अमायनो आम्ल ओळीने पुन्हापुन्हा येते. साधारण चाळिशीच्या पुढे संख्या गेली की आजार होतो, आणि जितकी जास्त तितका तो लवकर येतो. ऐंशीला टेकलेल्या पेरूट्झ यांनी दोन्ही जोडले आणि १९९४ मध्ये मांडले, की ग्लुटामीनच्या लांब ओळी चेनसारख्या एकमेकींत अडकून प्रथिनाचे पुंजके बनवत असाव्यात. तीन वर्षांनी लंडनच्या संशोधकांना उंदराच्या मेंदूत असे पुंजके खरोखर दिसले. फेब्रुवारी २००२ मध्ये पेरूट्झ गेले, तेव्हाही त्यांचे याच विषयाचे लेखन चालू होते. त्यांचे सगळे तपशील टिकले नाहीत. पण हिमोग्लोबिनपासून निघालेला माणूस हिमोग्लोबिनचाच हात धरून मेंदूपर्यंत आला.

२००० ते २०१० : विरजण

हे दशक इथे थोडक्यात घेतो, कारण संस्थेची मोठी कामे या काळात दुसरीकडे चालू होती. बडोद्यात शिकलेले व्यंकी रामकृष्णन यांना २००९ चे नोबेल रायबोसोमच्या रचनेसाठी मिळाले, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. क्लूग यांच्यानंतर १९९६ पासून रिचर्ड हेंडरसन आणि २००६ पासून ह्यू पेलहॅम यांनी धुरा सांभाळली.

आपल्या धाग्यावरचे या काळातले मोलाचे काम २००९ चे, बाझेलच्या मार्कुस टोलनाय यांच्या गटासोबत गोडर्ट यांनी केलेले. ज्या उंदरांच्या मेंदूत टाउचे धागे झाले होते त्यांच्या मेंदूचा अर्क, धागे नसलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचला. काही महिन्यांत टोचलेल्या जागी धागे दिसू लागले आणि तिथून ते शेजारच्या भागांत पसरले. कोमट दुधाला चमचाभर विरजण लागले की सगळ्या भांड्याचे दही व्हावे, तसेच. वाकडे वळलेले टाउ शेजारच्या सरळ टाउला आपल्यासारखे वळवते. अल्झायमरचे गुंते मेंदूत ठरलेल्या वाटेने का सरकतात, याचा अर्थ त्यातून लागू लागला. वाचकांनी भिऊ नये. शेजारी बसल्याने किंवा सेवा केल्याने हा आजार कोणाला लागत नाही.

२०१० नंतर : ढग उठला

मे २०१३ मध्ये एलएमबी नव्या इमारतीत गेली. उद्‌घाटनाला पुन्हा राणी एलिझाबेथच होत्या. खर्च २१ कोटी २० लाख पौंड, आणि त्यातला काही भाग संस्थेच्या स्वतःच्या कमाईचा. मिलस्टाइन यांच्या अँटिबॉडी उंदराच्या होत्या, माणसाचे शरीर त्यांना परके मानी. ग्रेग विंटर यांनी १९८६ पासून त्या मानवी साच्यात बसवण्याच्या रीती काढल्या, आणि या वेळी पेटंट विसरले गेले नाही. सांधे झिजवणाऱ्या संधिवातासाठी वापरले जाणारे अडालिमुमॅब हे औषध याच घराण्यातले. त्याच्या आणि तशा औषधांच्या स्वामित्वधनातून भिंती उभ्या राहिल्या.

त्या भिंतींच्या आत सूक्ष्मदर्शकात क्रांती होत होती. नमुना क्षणार्धात गोठवायचा, म्हणजे पाण्याचे स्फटिक न होता काचेसारखा बर्फ होतो आणि प्रथिन त्यात जसेच्या तसे अडकते. हेंडरसन १९७५ पासून या वाटेवर होते. इलेक्ट्रॉन थेट टिपणारे संवेदक बनवण्यात वासी फारुकी, ग्रेग मॅकमुलन आणि त्यांनी वर्षे घालवली. चित्रांतला गोंगाट दूर करून आकार काढणारी ‘रेलिऑन’ ही संगणक प्रणाली श्योर्स शेरेस यांनी २०१२ मध्ये आणली आणि सगळ्यांना मोफत दिली.

मग जुना धागा पुन्हा काढला गेला. इंडियानाहून गेट्टी यांनी ७४ व्या वर्षी अल्झायमरने वारलेल्या एका स्त्रीच्या मेंदूचा भाग पाठवला. अँथनी फिट्झपॅट्रिक, बेंजामिन फाल्कन, शेरेस, गोडर्ट आणि सहकाऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये त्यातल्या टाउ धाग्यांची रचना प्रसिद्ध केली. स्पष्टता सुमारे ३.४ आँगस्ट्रॉम, एक आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. टाउच्या साखळीतील ३०६ ते ३७८ या क्रमांकांचा भाग चंद्रकोरीत दुमडलेला, आणि अशा दोन कोरी एकमेकींना पाठीने टेकलेल्या. १९८५ च्या धूसर चित्रातली तीच ‘सी’. त्या निबंधाच्या लेखकांत टोनी क्राउथर यांचेही नाव आहे. बत्तीस वर्षांनी त्याच डोंगरावरची झाडे मोजायला तो माणूस हजर होता, हे मला त्याच वर्षी हेंडरसन यांना मिळालेल्या नोबेलइतकेच मोठे वाटते.

यानंतर एकेक आजार रांगेत आला. २०१८ मध्ये पिकचा आजार. २०१९ मध्ये डोक्याला वारंवार मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांचा आणि अमेरिकन फुटबॉलपटूंचा आजार. २०२० मध्ये कॉर्टिकोबेसल ऱ्हास आणि अल्फा-सिन्युक्लीनचा मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी. २०२२ मध्ये अमायलॉइड-बीटा, लेवी पिंडांतले धागे, आणि स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएसमधले टीडीपी-४३. यातून जे हाती आले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. प्रथिन एकच, टाउ. पण प्रत्येक आजारात त्याची घडी वेगळी. एकच नऊवारी कोणी कासोटा मारून नेसते, कोणी गोल, तसे. शिवाय एकाच आजाराच्या निरनिराळ्या रुग्णांत घडी तीच. लक्षणांवरून नाव दिलेल्या आजारांचे आता घडीवरून वर्गीकरण करता येते. २०२१ मध्ये तसे केलेही गेले. डॉक्टरांनी शंभर वर्षे बाहेरून केलेल्या विभागणीला आतल्या घडीने बहुतांशी दुजोरा दिला, ही जुन्या निदानशास्त्राला मिळालेली शाबासकी आहे.

आज

२०१८ पासून यान लोवे संचालक आहेत. ॲन बर्टोलोटी यांचा गट विचारतो, की चुकीचे वळलेले प्रथिन दुरुस्त करण्याची पेशीची स्वतःची यंत्रणा वयाबरोबर का कमी पडते आणि तिला हात देता येईल का. फाल्कन आता स्वतंत्र गट घेऊन टीडीपी-४३ च्या मागे आहेत. अमायलॉइडवरचे लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळवून बाजारात आले. ते एलएमबीचे नाही. पण ती उंदराची अँटिबॉडी माणसाच्या साच्यात बसवलेली आहे, म्हणजे मिलस्टाइन आणि विंटर यांच्याच वाटेने आलेली. ते आजाराची गती थोडी कमी करते, थांबवत नाही. उत्सवी लेखातही हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण असे लेख रुग्णांच्या घरीही वाचले जातात.

या सगळ्या रचना ज्यांच्या मेंदूंमुळे दिसल्या त्यांची नावे कुठेही छापलेली नाहीत. शोधनिबंधात फक्त वय आणि आजार असतो. सुतकाच्या दिवसांत, किंवा त्याही आधी, कोणीतरी एका कागदावर सही केलेली असते. या स्मरणिकेतल्या ऋणनिर्देशात त्या घरांना सर्वांत वरची जागा द्यावी, अशी संपादकांना विनंती आहे.

सध्याचे काम परीक्षानळीतले आहे. मेंदूतल्या धाग्याची हुबेहूब घडी बाहेर बनवता आली तर ती मोडणारे औषध शोधणे सोपे होईल. अनेक वर्षे नळीत धागे होत, पण घडी चुकीची येई. सोफिया लोवेस्टाम आणि सहकाऱ्यांनी टाउचा २९७ ते ३९१ हा तुकडा घेऊन, क्षार बदलत, हलवण्याची रीत बदलत, अल्झायमरची नेमकी घडी नळीत उतरवली. हा तुकडा विशिक यांच्या काळापासून ओळखीचा, न पचलेल्या गाभ्यात सापडलेला. त्यानंतर त्यांनी धागे बनत असताना मधल्या मधल्या वेळी नमुने काढून गोठवले. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रांत दिसते, की अल्झायमरची घडी आणि मार बसलेल्या मेंदूची घडी या दोन्हींच्या आधी एक सारखाच, अल्पजीवी धागा तयार होतो. तो काही वेळ टिकतो आणि नाहीसा होतो. मेंदूतही तो होतो का, हे पाहायचे राहिले आहे.